निळ्या पाण्यातले नऊ महिने

नवरा स्कूबा इन्स्ट्रक्टर, बायको लॅपटॉपवरून पुण्याचं ऑफिस करणारी, घर अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर आणि वाटेवर एक छोटा पाहुणा! हनिमूनला बेटावर सगळेच जातात हो. पण दिवस गेल्यावर तिथेच राहायचं म्हणजे काय असतं?

तुमच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी स्क्रीनवर तो वॉलपेपर असतोच. निळंशार पाणी, पांढरी वाळू, एक वाकलेला माड, आणि माणूस औषधालाही नाही. लंच टाइममध्ये तो बघून आपण उसासा टाकतो आणि म्हणतो, ‘बॉस, सगळं सोडून इथे जाऊन राहायला पाहिजे!’ आम्ही दोघं खरंच जाऊन राहिलो. त्याला आता चार वर्षं झाली. त्या वॉलपेपरमध्ये न दिसणाऱ्या गोष्टींची यादी मी आता पाठ म्हणून दाखवू शकते. संध्याकाळी पायाला चावणाऱ्या वाळूतल्या बारीक माश्या, भर मीटिंगमध्ये जाणारी लाइट, जहाज आलं नाही म्हणून बाजारातून गायब झालेली कोथिंबीर. आणि मे महिन्यापासून त्यात एक भर पडली, मळमळ.

आधी थोडा भूगोल, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. हॅवलॉक हे पोर्ट ब्लेअरपासून चाळीसेक किलोमीटरवरचं बेट. बोटीने दीड ते अडीच तास, बोट कोणती आणि समुद्राचा मूड कसा त्यावर. कागदोपत्री आता त्याचं नाव स्वराज द्वीप. १८५७ चं बंड मोडायला आलेल्या हेन्री हॅवलॉक या इंग्रज सेनापतीचं नाव ३० डिसेंबर २०१८ रोजी बदललं. पोर्ट ब्लेअरही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. बोटीच्या तिकिटावर नवं नाव, तोंडात जुनं, असा सगळा कारभार आहे. या लेखातही तसंच चालवून घ्या.

बेटावरचे मूळ रहिवासी म्हणाल तर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबं. १९५० च्या दशकात त्यांना इथे जमिनी देऊन वसवलं. म्हणून गावांची नावं गोविंदनगर, श्यामनगर, राधानगर अशी, आणि बाजारात भाषा बंगाली. समुद्रकिनाऱ्यांना मात्र नुसते नंबर. आम्ही राहतो पाच नंबरला. सात नंबर म्हणजे तो जगप्रसिद्ध राधानगर बीच, ज्याला ‘टाइम’ मासिकाने २००४ साली आशियातला सर्वोत्कृष्ट म्हटलं होतं. तिथे फोटो काढायला गर्दी असते. दूध, अंडी, औषधं लागली की तीन नंबरचा बाजार गाठायचा.

याच बाजारातून माझ्या नवऱ्याने ती सुप्रसिद्ध दोन रेघांची पट्टी आणली. आता पुण्यात तुम्ही मेडिकलमधून काय घेता याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. इथे दुकानदाराचा भाऊ नवऱ्याच्याच डाइव्ह सेंटरमध्ये सिलिंडर भरतो! रिझल्ट आम्हाला कळायच्या आधी अर्ध्या बेटाला प्रश्न पडला होता. रेघा दोन आल्या. मी रडत होते, हसत होते, फोनमध्ये आईचा नंबर शोधत होते. आणि आमचे इन्स्ट्रक्टरसाहेब पहिलं वाक्य काय बोलले असतील?

‘‘म्हणजे तुझं डायव्हिंग बंद.’’

इतकी चिडले मी! पण बरोबर होतं त्याचं. याचं कारण कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं, कारण सीझनमध्ये दर आठवड्याला एखादी नवी नवरी दबक्या आवाजात विचारते, ‘दुसराच महिना आहे, चालेल ना?’ नाही चालत. पाण्याखाली दाबाखालची हवा श्वासात घेताना तिच्यातला नायट्रोजन रक्तात विरघळतो. वर येताना त्याचे बारीक बुडबुडे होऊ शकतात. मोठ्या माणसाची फुप्फुसं हे बुडबुडे बऱ्यापैकी गाळून टाकतात. पोटातल्या बाळाची फुप्फुसं कामाला लागलेलीच नसतात. त्याचं बरंचसं रक्त त्यांना वळसा घालून जातं, म्हणजे बुडबुडा झालाच तर थेट मेंदूकडे किंवा हृदयाकडे जायला वाट मोकळी. नेमका धोका किती, हे गर्भार बायकांवर प्रयोग करून कोण बघणार? म्हणून जगभरच्या डायव्हिंग संस्था एकच सांगतात, दिवस गेलेत किंवा जायची शक्यता आहे, तर सिलिंडर लावून पाण्याखाली जाऊ नका. वर तरंगत स्नॉर्केलिंग करायला, पोहायला सहसा हरकत नसते, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर.

तर ज्या बेटावर लोक पाण्याखाली जायला येतात, तिथे मी काठावर बसून पाय बुडवायला लागले.

पहाटे पाचची जनता

बेटावरच्या दिनक्रमाचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य म्हणजे घड्याळ. अंदमान आहे बंगालच्या उपसागरात पार पूर्वेला, पण घड्याळ मुंबई-पुण्याचंच. त्यामुळे उन्हाळ्यात पाचच्या ठोक्याला लख्ख उजाडतं आणि संध्याकाळी पावणेसहाला सूर्य गुल. डिसेंबरात तर पाचलाच मावळतो. पुण्यात माझे कलीग संध्याकाळचा दुसरा चहा घेत असतात, तेव्हा इथे रातकिडे सुरू झालेले असतात.

पहिल्या तीन महिन्यांत हे मला जाम सोयीचं पडलं. मळमळ जोरात असायची ती पहाटे. पाचला उठायचं, कोरडे उमासे काढायचे, दोन बिस्किटं आणि लिंबाचा तुकडा, मग नवऱ्याबरोबर किनाऱ्यावर एक फेरी. दहाला पुण्याचा पहिला कॉल लागेपर्यंत माझा अर्धा दिवस होऊन गेलेला असायचा. चेहऱ्यावर इतका फ्रेशनेस, की टीममधल्या कुणाला तीन महिने पत्ताच लागला नाही.

आणि हो, कॉल लागतो बरं का! ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, ती पोर्ट ब्लेअरबरोबर आमच्या बेटालाही जोडली गेली. त्याआधी सगळं नेट सॅटेलाइटवर होतं, एक ई-मेल जायला चहा उकळेपर्यंत वेळ लागायचा म्हणे. ती केबल नसती तर आमचा संसार या पत्त्यावर झालाच नसता. मी पुण्यात, तो इथे, आणि प्रेम फोनवर!

पावसाळ्यात, म्हणजे मे ते सप्टेंबर, बेट जवळजवळ आमचंच असतं. टुरिस्ट कमी, डाइव्ह सेंटरचं काम म्हणजे बोटी रंगवणं, रेग्युलेटर उघडून साफ करणं. नैर्ऋत्येचा वारा पश्चिमेच्या राधानगरवर लाटा आपटतो, आमची पूर्वेची बाजू मात्र बरीच शांत. पाच नंबरला ओहोटीला पाणी एवढं आत जातं की पोहायचं म्हटलं तर गुडघाभरच. म्हणून आमच्या भिंतीवर कॅलेंडरपेक्षा भरती-ओहोटीच्या तक्त्याला जास्त मान. भरती कधी ते बघायचं आणि लंच टाइममध्ये वीस मिनिटं पाण्यात पडून राहायचं. पाचव्या महिन्यात पाठ अशी काही धरते म्हणता! पाण्यात उतरलं की सगळं वजन कुणीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी याच गोष्टीसाठी प्रीनेटल क्लासला पैसे मोजतात. (‘मगरी नाहीत का गं?’ असं आई रोज विचारायची. आहेत. खाडीत, खारफुटीत आहेत, आणि २०१० मध्ये याच बेटावर एका अमेरिकन पर्यटक मुलीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला होता. त्यामुळे कुठे पोहायचं आणि कुठे नाही हे गावकऱ्यांना विचारायचं, शहाणपणा करायचा नाही. आईला मी एवढं सविस्तर सांगितलं नाही.)

सुरमईवर संक्रांत

शेजारी राहतात काकीमा. नवऱ्याची सुपारीची आणि नारळाची बाग, दोन मुलगे, सुना, नातवंडं. बातमी बाजारातून त्यांच्यापर्यंत पोचली होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात शहाळी आणि उपदेशांचं गाठोडं घेऊन हजर. मला त्या ‘बउमा’ म्हणतात, म्हणजे सूनबाई. बउमा, तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून बाहेर जायचं नाही. बउमा, पपई नाही, अननस नाही. बउमा, नुसतं कम्प्युटरपुढे काय बसतेस, बाळाला काय वाटेल?

गंमत म्हणजे यातलं निम्मं माझी पुण्यातली आजी शब्दशः म्हणाली असती, फक्त मराठीत. सासूबाई फोनवर, काकीमा दारात, दोघींची एकमेकींशी ओळख नाही, तरी आघाडी पक्की!

मासे हा खरा इश्श्यू झाला. बेटावर राहायचं, आजूबाजूला फक्त समुद्र, आणि माझं मालवणी आजोळ. सुरमई म्हणजे आमच्याकडे सण. पोर्ट ब्लेअरच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच व्हिजिटला विचारलं, ‘‘मासे खाता? कोणते?’’ मी अभिमानाने सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘सुरमई, मोठा टूना, मुशी, हे आता लांबूनच बघायचे.’’ कारण पारा. समुद्रातला पारा लहान माशांत थोडा, त्यांना खाणाऱ्या मोठ्यांत जास्त, आणि त्यांनाही खाणाऱ्या शिकारी माशांत सगळ्यात जास्त साठत जातो. बाळाच्या वाढत्या मेंदूला तो घातक. मात्र मासे सोडायचे नाहीत! बांगडा, तारली असे छोटे मासे चांगलेच, बाळाच्या मेंदूला त्यातलं तेल हवंच असतं. नीट शिजवून, आठवड्यातून दोन-तीनदा.

डोहाळे लागले ते मात्र जे बेटावर नाही त्याचेच. चितळ्यांची बाकरवडी, कर्वे रोडची मिसळ, कोथिंबीर वडी. अंदमानात बटाटे-कांद्यापासून बरंच काही चेन्नई-कोलकात्याहून जहाजाने येतं. ताजी भाजी येते ती मुख्यतः शेजारच्या नील बेटावरून, त्याला अंदमानचं भाजीचं परडंच म्हणतात. जहाज चार दिवस लेट झालं की बाजारात उरतो भोपळा. सातव्या आठवड्यात एका रात्री मी कोथिंबीर वडीसाठी ढसाढसा रडले आहे. दुसऱ्या दिवशी नवरा नील बेटावरून येणाऱ्या बोटीच्या धक्क्यावर सकाळपासून उभा! दोन जुड्या घेऊन आला. त्याला मी आयुष्यभर काहीही माफ करायला तयार होते. निदान त्या संध्याकाळपुरती.

‘बोट नसेल तर?’

आता सीरियस भाग.

तपासणीचं बेटावर तसं काही अडत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, सिस्टर घरी येऊन चौकशी करतात, लोहाच्या-कॅल्शियमच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, सगळं फुकट आणि वेळेवर. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास तपासणी असते, ही योजना २०१६ पासून देशभर आहे. आपण शहरातली माणसं सरकारी दवाखाना म्हटलं की नाक मुरडतो. मीही त्यातलीच होते. पण मला जेवढा वेळ देऊन तिथल्या सिस्टरने ऐकून घेतलं, तेवढं पुण्यातल्या ए.सी. क्लिनिकमध्ये कुणी माझ्या बहिणीला ऐकून घेतलं नव्हतं.

पण सोनोग्राफीसाठी आम्ही पोर्ट ब्लेअरला जायचो. आणि सिझेरियनची वेळ आली, रक्त चढवायची वेळ आली, तरी पोर्ट ब्लेअरच. तिथलं गोविंद बल्लभ पंत रुग्णालय म्हणजे सगळ्या बेटांचा शेवटचा आसरा. मधे समुद्र.

विसाव्या आठवड्याच्या मोठ्या स्कॅनसाठी सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही गेलो. बाळ मस्त होतं. डॉक्टर म्हणाल्या, ‘‘वार जरा खाली आहे. घाबरू नका, या वेळी बऱ्याच जणींची असते, गर्भाशय वाढलं की बहुतेकींची वर सरकते. बत्तिसाव्या आठवड्यात परत बघू. मधे कधी लाल डाग दिसला, तर मात्र लगेच यायचं. लगेच म्हणजे लगेच.’’

तो दिसला चोवीस आठवडे पूर्ण झाले त्या रात्री. बाहेर धो धो पाऊस. अंदमानच्या समुद्रात कमी दाबाचा पट्टा, त्यामुळे आदल्या दिवसापासून बोटी बंद. दुखत काहीच नव्हतं. तेच जास्त भीतिदायक होतं. नवऱ्याने शेजारचा ऑटो काढला, काकीमा न विचारता येऊन माझ्या बाजूला बसल्या, आणि आम्ही आरोग्य केंद्रात पोचलो. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने आधी बाळाचे ठोके ऐकवले. ठक्ठक् ठक्ठक्, एकदम फास्ट. तो आवाज ऐकल्यावर मला श्वास आठवला. मग सलाइन, ब्लडप्रेशर, दर थोड्या वेळाने तपासणी, पोर्ट ब्लेअरला फोन. आतून तपासायचं नाही, हलायचं नाही, फक्त लक्ष ठेवायचं. हेलिकॉप्टर? इमर्जन्सीला असतं, पण रात्री आणि अशा हवेत कसं उडणार? सकाळी ढग उघडले तर बघू.

त्या रात्री माझा नवरा, जो लोकांना पाण्याखाली पॅनिक न होण्याचं ट्रेनिंग देतो, भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या हातातला पाण्याचा ग्लास थरथरत होता. मी त्याला म्हटलं, ‘‘अरे, बस ना.’’ तो म्हणाला, ‘‘बसलो तर उठता नाही येणार.’’ बस. आमचं सगळ्या रात्रीत झालेलं बोलणं एवढंच.

पहाटेपर्यंत रक्त थांबलं. तिसऱ्या दिवशी समुद्र निवला, पहिल्या बोटीत मला मधल्या रांगेत बसवलं, कारण पुढच्या सीट्स सगळ्यात जास्त आपटतात. पोर्ट ब्लेअरला स्कॅन झाला, बाळ ठीक, वार अजून खालीच. डॉक्टर मॅडमनी फाइल मिटली आणि शांतपणे विचारलं, ‘‘परत असं झालं तर माझ्यापर्यंत पोचायला किती वेळ?’’

‘‘दोन-अडीच तास.’’

‘‘आणि बोट नसेल तर?’’

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. २०१६ च्या डिसेंबरात वादळ आलं होतं तेव्हा बोटी बंद पडून शेकडो पर्यटक या बेटांवर अडकले, शेवटी नौदलाची जहाजं पाठवावी लागली. आम्ही तेव्हा इथे नव्हतो, पण हा किस्सा बेटावर प्रत्येकजण सांगतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा या समुद्रात वादळांचाच काळ. आणि माझी तारीख होती २० जानेवारी.

सीझन की संसार?

घरी येऊन आम्ही कडाक्याचं भांडलो. विषय ऐकाल तर हसाल, कारण दोघंही एकमेकांच्याच बाजूने भांडत होतो. तो म्हणत होता, मी या सीझनचं काम सोडतो, आपण दोघं पुण्याला जाऊ. मी म्हणत होते, वेडा आहेस का? नोव्हेंबर ते एप्रिल हे सहा महिने आमच्याकडे बारा महिन्यांची कमाई करून देतात. बाळ घरात येणार त्याच वर्षी आपण सीझन सोडायचा? माझी रजा पगारी आहे. २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर ती १२ वरून २६ आठवडे झाली, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे तारखेआधी घेता येतात. बापाला मात्र खासगी नोकरीत कायद्याने एक दिवसही मिळत नाही. एच.आर.वाले फादर्स डेला कप देतात, रजा देतीलच असं नाही. आणि डाइव्ह सेंटरला तर एच.आर.च नाही.

पुण्याहून आईचा तिसरा पक्ष. ‘‘अगं, पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. यात विचार काय करायचा?’’ तिचंही खोटं नव्हतं. पण पुणं म्हणजे बोट, मग विमान, मग बहुतेक वेळा चेन्नईला विमान बदलून आणखी एक. शिवाय विमान कंपन्यांचे नियम कंपनीगणिक वेगळे. सातव्या-आठव्या महिन्यानंतर डॉक्टरांचं पत्र मागतात, छत्तीस आठवड्यांपुढे सहसा घेतच नाहीत. वार खाली असताना एवढ्या प्रवासाला डॉक्टर मॅडम तयार नव्हत्या. आणि गेलेच असते, तरी बाळ जन्मेल तेव्हा बाप हॅवलॉकच्या बोटीवर, अशीच दाट शक्यता होती.

चार दिवस घरात भांडी जरा जोरात आपटली गेली. मग उत्तर आईकडूनच आलं. फोन करून म्हणाली, ‘‘तू माहेरी येऊ शकत नाहीस ना? मग मी येते तिकडे.’’

अठ्ठावीस आठवडे झाले आणि आम्ही पोर्ट ब्लेअरमध्ये दोन खोल्या भाड्याने घेतल्या, हॉस्पिटलपासून ऑटोने दहा मिनिटांवर. नवरा बेटावर, मी इथे. आठवड्याची एक सुट्टी मिळते, त्या दिवशी तो येतो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बोटीने परत जातो. पुण्यात किती जोडपी शिफ्टमुळे याहून कमी भेटतात, असं मी स्वतःला सांगते. खरं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस त्याने काहीही उपयोग झाला नाही. संध्याकाळी पाचला अंधार पडायचा आणि मी लॅपटॉप चालूच ठेवायची, पलीकडून कुणीतरी बोलतंय एवढ्यासाठी. ‘यू आर ऑन म्यूट’ ऐकूनही बरं वाटायचं!

निघायच्या आदल्या दिवशी काकीमांनी ‘शाध’ घातलं. म्हणजे बंगाली डोहाळजेवण. सातव्या नाहीतर नवव्या महिन्यात करतात. पाच प्रकारचं तळण, माशाचं डोकं घातलेली डाळ, आणि शेवटी पायेश, म्हणजे आपली तांदळाची खीर. होणाऱ्या आईने जे जे हवं ते पोटभर खायचं, एवढाच विधी. मी व्हिडीओ कॉलवर आईला दाखवलं, तर ती हट्टालाच पेटली. हिरवी साडी तिने आधीच कुरियर केली होती, फुलांची वाडी काकीमांच्या सुनांनी जास्वंद आणि मोगऱ्याची केली. आपल्याकडे डोहाळजेवण झोपाळ्यावर, चांदण्यात, बागेत, नावेत असं हौसेने करतात ना? पुण्याच्या हॉलमध्ये त्यासाठी थर्माकोलची नाव भाड्याने आणतात. इथे डाइव्ह सेंटरची खरीखुरी नाव वाळूवर ओढून ठेवली होती, ताज्या रंगाचा वास येत होता, आणि सिलिंडर भरणारा तो दुकानदाराचा भाऊ फोटो काढत होता. दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या, पेढा निघाला की मुलगा, बर्फी निघाली की मुलगी. बेटावर दोन्ही मिळत नाहीत. एकीत काजू, एकीत बेदाणा ठेवला. मी कोणती उचलली ते सांगत नाही!

बत्तिसाव्या आठवड्यातला स्कॅन नोव्हेंबरच्या शेवटी झाला. वार वर सरकली होती, गर्भाशयाच्या तोंडापासून तीन सेंटिमीटरच्याही वर. डॉक्टर मॅडम पहिल्यांदाच मोकळं हसल्या. ‘‘आता नॉर्मलची वाट बघू. पण बेटावर परत जायचं नाही हं.’’ मी त्याला फोन लावला तर लागेना, समुद्रात होता. दोन तासांनी तो पाण्यातून वर आला तेव्हा बोटीवरच्या पोराने त्याला ओरडून बातमी सांगितली. त्याच्या बरोबरच्या टुरिस्टांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

परवा आई आली. दोन बॅगा. एकीत तिचे कपडे, दुसरीत डिंक, अळीव, खारका, झबली, टोपडी, दुपटी आणि आजीच्या साडीची गोधडी. इथली दमट हवा बघून तिचं पहिलं टेन्शन, ‘‘अगं, लंगोट वाळायचे कसे?’’ दोन दिवसांत गॅलरीत तीन दोऱ्या बांधून झाल्या आहेत. जन्मदाखल्यावर गाव म्हणून ‘श्री विजयपुरम’ लागणार, यावर बाबा फोनवर भलतेच खूश आहेत. एवढं लांबलचक नाव शाळेच्या फॉर्मवरच्या चौकोनांत मावेल का, याची मला काळजी.

आज त्याची सुट्टी, दुपारच्या बोटीने येतोय. आई सकाळीच बाजारात जाऊन आली, एक भलीमोठी सुरमई बघून आलीय आणि तेव्हापासून सारखी घोळवते आहे, ‘‘एवढा एकच तुकडा, जावईबापूंच्या निमित्ताने?’’ मी तिला पाऱ्याचं लेक्चर दिलं. ती म्हणाली, ‘‘तू पोटात होतीस तेव्हा मी रोज खायचे.’’ शेवटी तह झाला आहे. त्याला सुरमई, मला बांगडा.